मनोरुग्णालयातून सुटलेल्या आठ जणी शेजारी राहायला येणार आहेत. सोसायटीने काय विचारावं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याच्या उपनगरातली १२० फ्लॅटांची सोसायटी. कंपाउंडला लागून असलेला बंगला एका संस्थेने लीव्ह अँड लायसन्सवर घेतलाय. मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या ८ बायका आणि सोबत २ केअरटेकर तिथे राहणार आहेत. संस्थेने कुणाला काही सांगितलं नाही. बंगल्यात रंगकाम करणाऱ्याकडून वॉचमनला कळलं आणि वॉचमनकडून सगळ्यांना. दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर तीनशे मेसेज. रविवारी सभा आहे, विरोधाचा ठराव टाइप होऊन तयार आहे आणि सेक्रेटरी म्हणून त्यावर सही तुमची लागणार आहे. तुमचा स्वतःचा कल कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण ताजा कलम घालून गणपतीच्या वर्गणीबद्दल जे विचारलंत त्यावरून अंदाज आला. त्याचं उत्तर शेवटी देते.

मी मनोविकार समाजकार्यकर्ती आहे, डॉक्टर नव्हे. गोळी मी लिहून देत नाही. गोळी लागू पडल्यावर पेशंट राहणार कुठे, घरचे नेणार का, नेलं नाही तर पुढे काय, हे बघणं माझं काम. पंचवीस वर्षांतली पहिली अकरा सरकारी वॉर्डांत गेली, नंतरची अशी घरं भाड्याने शोधण्यात. त्यामुळे तुमच्या ग्रुपवरचे मेसेज न वाचताही मला बरेचसे पाठ आहेत. ‘आमचा माणुसकीला विरोध नाही, पण रहिवासी भागात नको.’ हे वाक्य मी कोथरूडमध्ये ऐकलंय, डोंबिवलीत ऐकलंय, नाशिकला एका आजोबांनी तर ते कागदावर लिहून, सोळा सह्या घेऊन आणलं होतं.

सरळ सांगते, रविवारी विरोधाचा ठराव करू नका. पण गप्पही बसू नका. तुमच्या लोकांचे निम्मे प्रश्न रास्त आहेत, फक्त ते भलत्यांबद्दल विचारले जातायत. त्या बायका कोण, आजार कुठला, ‘वेड’ किती, याची चौकशी चाललीय. घर चालवणार कोण, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, गोळ्या संपल्या तर काय, हे तीनशे मेसेजांत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. माझ्या अनुभवात शेजाऱ्यांना आजवर जो त्रास झाला, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टींमुळे झालाय.

आधी या बायका कोण, ते. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आजार आटोक्यात येऊनही तिथे कित्येक जणी राहून जातात, कारण न्यायला कुणी येत नाही. भरती करताना दिलेला पत्ता खोटा निघतो, भाऊ फोन उचलत नाही, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांचा एकदा आढावा घेतला गेला, तेव्हा ३६ टक्क्यांहून जास्त लोक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तिथेच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की घरचे स्वीकारत नाहीत, राहायला घर नाही किंवा वस्तीत सोय नाही एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवून घेता येणार नाही. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. बाहेर सोय उभी करायची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. आपल्या राज्याने मधल्या काळात एक सोपी वाट काढली होती: बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायची. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ताबडतोब बंद करायला सांगितलं. मग उरतं काय? साध्या वस्तीतलं साधं घर. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाने हेच सुरू केलं. चार-पाच जणी मिळून भाड्याच्या घरात राहतात, स्वयंपाक-बाजारहाट स्वतः करतात, मदतीला एक-दोन बायका असतात. ती पद्धत पुढे केरळ, आसाम करत महाराष्ट्रातही आली.

आता एक घर जवळून दाखवते. आमच्या पहिल्या घरात आलेली एक मावशी सकाळी उठून बाथरूमच्या दारासमोर उभी राहायची. आत कुणी नसायचं. दार आपणच उघडायचं असतं, हे तिच्या हाताला आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं तिच्यासाठी दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं होतं. चौथ्या दिवशी तिने कडी काढली, आत गेली, बाहेर आली, आणि कडी लावून पुन्हा काढून बघितली. मग दिवसभर घरातल्या सगळ्या कड्या झाल्या. त्याच आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेली आणि चार आण्याची कोथिंबीर मागितली. चार आणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. ती आत गेली तेव्हा चालत होते. भाजीवाल्याला वाटलं बाई थट्टा करतेय, त्याने हसत मूठभर कोथिंबीर तशीच दिली. तुमच्या ग्रुपवर ज्यांच्यामुळे ‘मुलांना खाली सोडायचं की नाही’ चाललंय, त्या बहुतेक अशा असतात. पन्नाशीच्या आसपासच्या, वॉर्डाची शिस्त हाडात मुरलेल्या, तुम्हालाच घाबरणाऱ्या.

धोका नाहीच, असं मी कुणाला सांगत नाही. माणसं आहेत तिथे थोडाफार असतोच. पण तो किती, ते बघा. अमेरिकेत १९९८ साली मॅकआर्थर अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मनोरुग्णालयांतून सुटलेल्या लोकांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं होतं आणि पिट्सबर्गमध्ये त्यांची तुलना त्यांच्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांशी केली होती. ज्यांना दारूचा किंवा नशेचा प्रश्न नव्हता, त्यांच्यातलं हिंसेचं प्रमाण शेजाऱ्यांइतकंच निघालं. नशा असली की दोन्हीकडे वाढत होतं. (तुमच्या गच्चीवर ३१ डिसेंबरला काय होतं ते मला माहीत नाही. आमच्या गच्चीवर काय होतं ते माहीत आहे.) दुसरा हिशेब आपल्याकडचा. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये गंभीर मानसिक आजाराचं त्या वेळचं प्रमाण ०.८ टक्के आलं होतं. तुमच्या १२० फ्लॅटांत साडेतीनशे प्रौढ धरले, तरी सरासरीने तीनेक माणसं होतात. ती आजही तुमच्यासोबत लिफ्टमधून खाली येतात. त्यांच्यातल्या कुणाची गोळी सुरू आहे आणि कुणाची नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. बंगल्यातल्या आठही जणींची गोळी मात्र रोज रात्री कुणीतरी समोर उभं राहून देणार आहे.

त्रास होतो तो वेगळ्या जातीचा. एखादी पहाटे चारला उठून अंगण झाडायला लागते. एखादी कुंपणाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जेवलात का?’ विचारते, त्याच माणसाला दिवसातून सहा वेळा. आजार उलटला तर आधी झोप जाते, मग जेवण सुटतं, स्वतःशी बोलणं वाढतं, कधी आरडाओरडा होतो. हे सगळं एका रात्रीत होत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून दिसायला लागतं, आणि घरातली केअरटेकर जागी असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेते. म्हणून म्हणते, घर चालवणाऱ्यांना धरा.

फ्लॅटच्या किमतींचं लवकर आटोपते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फर्मन सेंटरने २००८ मध्ये त्या शहरातल्या अशा घरांभोवतीचे व्यवहार तपासले होते. पाचशे फुटांच्या आतल्या मालमत्तांच्या किमती त्यामुळे पडल्याचं त्यांना आढळलं नाही. न्यूयॉर्क लांबचं वाटत असेल तर येरवड्याला जा. २,५४० खाटांचं मनोरुग्णालय तिथे आहे, आणि येरवड्याला लागूनच कल्याणीनगर. तिथला स्क्वेअर फुटाचा भाव तुमच्या सोसायटीतल्या एजंटला विचारा. ठाण्यातही १,८५० खाटांच्या इस्पितळाच्या आजूबाजूला टॉवर उभे राहिलेच. तुमच्याकडे तर आठ जणी आहेत.

‘आधी विचारलं का नाही?’ या प्रश्नावर मात्र मी थोडी तुमच्या बाजूची आहे, आणि थोडी नाही. सुरुवातीला आम्ही अगदी इमानदारीत आधी सभा घ्यायचो. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मी माइकवर, समोर सत्तर माणसं. सभेत एकाचा आवाज चढला की बाकीचे त्याच्यामागे जातात. मनात शंका असलेला माणूसही तिथे शंका बोलून दाखवत नाही, घोषणा देतो. तीन वेळा असं झालं की सभेच्या दुसऱ्या दिवशी घरमालकाने डिपॉझिट परत केलं. हात जोडून म्हणाला, ‘ताई, मला या लोकांत राहायचंय.’ मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो, गुपचूप राहायला गेलो. त्याचा परिणाम तुमच्या सोसायटीत आता दिसतोय: माणूस जे स्वतः सांगत नाही, ते रंगारी सांगतो आणि त्यात स्वतःचाही रंग मिसळतो. हल्ली आम्ही परवानगी मागत नाही, ओळख करून देतो. सामान हलवायच्या आठवडाभर आधी भिंतीला भिंत असलेल्या चार-पाच घरांत एकेक करून जायचं, चहा घ्यायचा, फोन नंबर द्यायचा. तुमच्याकडच्या संस्थेने हे केलं नाही, ती त्यांची चूक आहे. त्यांना तसं तोंडावर सांगा. पण भाड्याने राहायला येणाऱ्या बाईने शेजाऱ्यांची परवानगी काढावी, अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कुणाकडून करत नाही. बंगला तुमच्या सोसायटीचा सभासदही नाही, त्यामुळे तुमचा ठराव त्याच्यावर चालत नाही. फ्लॅट असता तरी आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची ना-हरकत लागत नाही. सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांत माहिती नोंदवायची.

आता आमच्याच बाजूची एक वाईट गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या घरावर देखरेखीला होते. कागदावर रात्रपाळीला एक केअरटेकर होती. प्रत्यक्षात तिला चार महिने पगार नव्हता, म्हणून ती रात्री दुसरीकडे आया म्हणून जायची आणि बाहेरून कुलूप लावायची. दिवाळीत ओपीडीला सुट्टी आली. पुढच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या आधी आणून ठेवायच्या असतात, त्या कुणी आणल्या नव्हत्या. पाडव्याच्या रात्री एक जण दोन तास ओरडत होती. शेजाऱ्यांनी संस्थेच्या नंबरवर अकरा फोन केले, एकही उचलला गेला नाही. बाहेर कुलूप बघून त्यांनी पोलिसांना बोलावलं. सकाळी मी पोचले तेव्हा समोरच्या काकू गेटवर उभ्या होत्या. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या म्हणाल्या, ‘आत आग लागली असती तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला हेच झालं होतं. पहाटे झोपडीवजा ‘मनोरुग्ण गृहा’ला आग लागली, माणसं साखळदंडाने बांधलेली होती, २८ जण गेले. ज्या घरात शेजाऱ्यांची ये-जा नसते, तिथे काय चाललंय हे कुणाला कळत नाही. आमचं ते घर महिनाभरात बंद झालं आणि ते योग्यच झालं. विरोध करणाऱ्या माणसांपेक्षा त्या काकूंनी मला जास्त शिकवलं.

तर रविवारच्या सभेआधी संस्थेच्या प्रमुखांना बोलवा. सत्तर जणांसमोर नको; तुम्ही, चेअरमन आणि भिंतीला लागून असलेल्या विंगमधले दोघे, एवढेच बसा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. संस्था माणसं ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा आणि पुनर्वसन करत असेल, तर कायद्याने ती लागते. नोंदणी नसेल किंवा ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं, तर अर्जाची पोच मागा. रात्री कोण असतं, तिला पगार दर महिन्याला होतो का, हे विचारा. पगाराचा प्रश्न आगाऊ वाटेल, तरी विचारा. त्याच्या उत्तरावर बाकी सगळं उभं असतं. मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती दिवसांनी येतात, आणि गोळ्यांचा साठा किती दिवसांचा असतो? बाहेरून कुलूप कधीही लागणार नाही, हे लेखी घ्या. दोन मोबाइल नंबर घ्या आणि एकदा रात्री साडेअकराला खरोखर लावून बघा. तीन बेडरूमच्या बंगल्यात ८ जणी आणि २ केअरटेकर म्हणजे दाटी आहे. मला विचाराल तर तिथे पाच-सहाच असाव्यात, आणि हे तुम्ही संस्थेला स्पष्ट सांगू शकता, कारण दाटीचा त्रास आधी त्यांना होतो, मग तुम्हाला. पाणी आणि ड्रेनेजही विचारून घ्या. दहा माणसांचं पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर तुमच्याच गेटसमोर उभा राहणार. भांडणं स्किझोफ्रेनियावरून कमी आणि टँकरवरून जास्त होतात.

काय मागू नका, तेही सांगते. नावांची आणि आजारांची यादी मागू नका. ती माहिती गोपनीय ठेवण्याचा त्यांना कायद्याने हक्क आहे, आणि संस्थेने ती खुशीने काढून दिली तर त्या संस्थेवरच संशय घ्या. बंगल्यावर पाटी लावायला सांगू नका. पोलिसांत भाडेकरूंची माहिती जशी सगळ्यांची जाते तशी जाऊ द्या, ‘विशेष लक्ष ठेवा’ म्हणून वेगळं पत्र नको. दूधवाल्याला, कचरेवाल्याला तिकडे जाऊ नको असं कुणी सांगत असेल, तर ते आजच थांबवा. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. ग्रुपवर ‘येरवड्याला परत पाठवा’ लिहिणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही, पण सभेची सुरुवात त्याने करू नका. धमकी दिली की माणसं आणखी हट्टाला पेटतात.

भाषेबद्दल एक. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या लोकांनी मराठीत ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे शब्द रुळवले. पहिला आजार असलेल्यासाठी, दुसरा सांभाळणाऱ्यासाठी. मला स्वतःला ते जरा सणासुदीचे वाटतात, पण सभेत ‘वेड्या बायका’ आणि ‘पेशंट’ यांच्यामध्ये कुठलातरी शब्द लागतो. ‘बंगल्यातल्या बायका’ म्हणालात तरी भागेल.

सभा संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. जिन्यात थोडं रेंगाळा. माझ्या बहुतेक सभांनंतर कुणीतरी थांबलेलं असतं, आणि सभेत ते एक शब्दही बोललेलं नसतं. एकदा एक बाई चपला शोधायचं निमित्त करत मागे राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, ‘माझा मुलगा दोन वर्षं खोलीतून बाहेर आला नाही. त्यांचे डॉक्टर त्याला बघतील का?’ सगळ्यात मोठ्याने विरोध करणारे गृहस्थ तिचे यजमान होते. असं कुणी तुमच्याजवळ आलं, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आता वर्गणी. तुम्ही विचारलंय, ‘त्यांच्याकडे गणपतीची वर्गणी मागायची, की ते बरं दिसणार नाही?’ मागा. सगळ्या घरांत जाता तसेच जा, दोन पोरं पावतीपुस्तक घेऊन. पावती संस्थेच्या नावाने फाडू नका, त्यांच्यातली जी दार उघडेल तिचं नाव विचारून तिच्या नावाने फाडा. आमच्या त्या मावशीकडे मंडळाची मुलं पहिल्यांदा आली, तेव्हा तिने केअरटेकरला हाक न मारता स्वतः कडी काढली आणि ११ रुपये दिले. पावती तिने फ्रिजवर चिकटवली. पुढच्या वर्षी त्या मुलांनी २१ मागितले, तर ती म्हणाली, मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा.